नदीला घातलेलं गाऱ्हाणं

मुलुंडला आग्रा रोडवर आमची कंपनी होती आणि त्या कंपनीत माणसं खात्यावरून ओळखली जात. ड्रॉइंगवाला, स्टोअरवाले, पेंटशॉपवाला. मी टूलरूमवाला. तीन वर्षं झाली तरी निम्म्या लोकांना माझं नाव माहीत नव्हतं, आणि यात त्यांचा काही दोष नव्हता. मी आपणहून कुणाशी बोलत नसे. कुणी बोलायला आलंच तर असं तुटक उत्तर देई की पुन्हा बोलायची त्याची हौस फिटे. लोक म्हणत, शिष्ट आहे. शिष्ट कसला, घुम्या होतो.

गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा वडिलांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग आईला घेऊन ते मालवणकडे गावी निघून गेले, ते कायमचेच. भांडुपच्या टेकडीवरची खोली माझ्याकडे राहिली. शनिवारी कंपनीचा भोंगा झाला की सोमवार सकाळपर्यंत माझं कुणाशी म्हणून बोलणं होत नसे. रविवारी मी स्टोव्ह घासायचो. पितळेचा स्टोव्ह, चिंच लावून. तो इतका लखलखीत असे की शेजारीण एकदा आपल्या सुनेला दाखवायला घेऊन आली, पण तीसुद्धा दारातूनच बघून गेली. सोमवारी गेटवर वॉचमनला उत्तर द्यायचं तर आधी घसा खाकरावा लागे. एकटेपणाला लोक काय काय म्हणतात, मला तरी तो घशात जाणवायचा.

कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर सात जणांचा एक कंपू बसे. ही मंडळी रविवारी डोंगर चढायला जात आणि सोमवारी सोललेले गुडघे एकमेकांना दाखवत. त्यांचा म्होरक्या ड्रॉइंगवाला. तो कधीतरी हिमालयात शिबिराला गेला होता आणि तिथे त्यानं रबरी होडीत बसून गंगेच्या फेसाळत्या पाण्यातून जाणारे गोरे लोक पाहिले होते. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. आपल्याकडे होडी नाही तर नाही, ट्रकच्या ट्यूब आहेत, बांबू आहेत, काथ्या आहे. श्रावण सरता सरता पाऊस जरा ओसरला की कर्जतच्या पुढे घाटाखालच्या जंगलातून एक नदी उतरते, तिच्यातून तराफ्यावरून जायचं, असं त्यानं ठरवलं. दोन तराफे, एकावर चौघं. सात जणांत तराफा कलंडेल म्हणून आठवा माणूस हवा होता. ड्रॉइंगवाला माझ्या टेबलाशी आला आणि येतोस का म्हणाला. मी आठवा म्हणजे समतोलाचं वजन होतो, हे मला कळत होतं. तरी मी हो म्हणालो. रविवारी कुठेतरी जायला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसलो. ड्रॉइंगवाल्यानं नियम सांगितला. पोहणारा एक आणि न पोहणारा एक, अशी जोडी. दोघांनी शेजारी बसायचं आणि न पोहणाऱ्याची जबाबदारी पोहणाऱ्याची. कुणाकुणाला पोहता येतं म्हणून त्यानं विचारलं तेव्हा तीन हात वर झाले. माझा हात टेबलावरच होता. तेवढ्यात पेंटशॉपवाला म्हणाला, "याला काय विचारतोस यार, हा मालवणचा. ही माणसं आधी पोहायला शिकतात, मग चालायला."

सगळे हसले. मीही हसलो.

आमचं गाव समुद्रापासून चांगलं आत आहे. मी जन्मलो मुंबईत. गावी जायचो ते मे महिन्यात, तेव्हा विहिरीला घोटाभर पाणी. वडील पावसाळ्यात शिकवीन म्हणायचे, पण पावसाळ्यात माझी शाळा आणि त्यांची गिरणीतली पाळी. मला पोहण्याचा प पण येत नव्हता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या टेबलावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल कुणाला काहीतरी माहीत होतं, आणि ते खोटं असलं तरी मला ते खोडून टाकवेना. ड्रॉइंगवाल्यानं कागदावर माझ्यापुढे पोहणारा म्हणून फुली मारली आणि माझ्या जोडीला स्टोअरवाल्यांचं नाव लिहिलं.

स्टोअरवाले चाळिशीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, मुलुंडच्या एका सोसायटीत राहणारे गृहस्थ. डोंगर चढताना ते नेहमी शेवटी असत आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्यांच्या पिशवीत असत. जोडी लागल्यापासून ते डब्यात दोन पोळ्या जास्त आणू लागले. "बायकोला सांगितलं, माझा जीव ज्याच्या हातात आहे त्याला उपाशी ठेवून चालणार नाही," असं ते म्हणत आणि पोळी पुढे सरकवत. त्या पोळ्यांचा पहिला घास दर वेळी घशाखाली उतरायला वेळ लागे. दुसऱ्याला तितका लागत नसे, हेही खरं सांगितलं पाहिजे.

त्या तीन आठवड्यांत मी जितका बोललो तितका आधीच्या तीन वर्षांत बोललो नव्हतो. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर आम्ही कंपनीच्या मागच्या आवारात ट्यूबना ठिगळं लावायचो, बांबू बांधायची गाठ शिकायचो. स्टोअरवाले विचारत राहायचे आणि मी सांगत राहायचो. गावाबद्दल, वडिलांबद्दल. वडील गाऱ्हाणं कसं घालतात ते मी त्यांना साग्रसंगीत सांगितलं. काही नवं काम काढलं की देवासमोर नारळ ठेवून मोठ्यानं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणायचं. पण वडिलांचा एक दंडक होता. ते म्हणायचे, "आधी आपली चूक सांगूची, मगे देवाकडे मागूचा." कुणाचा बांध कोरला असेल, भावाशी अबोला धरला असेल, ते ते चारचौघांत आधी सांगायचं. स्टोअरवाल्यांना हे फार आवडलं. स्टोअरमध्ये असा दंडक लावला तर संध्याकाळपर्यंत गाऱ्हाणंच चालेल, असं ते म्हणाले.

शेवटच्या शनिवारी ड्रॉइंगवाल्यानं चार रिकामे तेलाचे डबे आणले, तोंडं शिशाचा डाक लावून बंद केलेले. गावात पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसे. न पोहणाऱ्या चौघांना एकेक डबा मिळाला. मी स्टोअरवाल्यांच्या पाठीला डबा बांधून बघितला, गाठ घट्ट केली आणि त्या रात्री खोलीवर जाऊन स्टोव्ह घासत बसलो. रविवार नसताना.

नदीवर आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. टेम्पो गावात सोडून तासभर जंगलातून चालावं लागलं. तसं जंगल मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वर जांभूळ, आंबा आणि नावं माहीत नसलेली उंच झाडं एकात एक गुंतलेली. गारंबीचे मांडीएवढे वेल पीळ घालत वर गेलेले. पाऊस थांबला होता पण झाडं अजून गळत होती. दगडांवर शेवाळ, शेवाळावर खेकडे, आणि सगळीकडे कुजलेल्या पानांचा ओला, गोडसर वास. ऊन खाली पोचतच नव्हतं. नदी दिसायच्या आधी तिचा आवाज यायला लागला. कंपनीत बसून ऐकलेली नदी आणि ही नदी यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पायपंपानं ट्यूब फुगवण्यात तासभर गेला. तराफे बांधून झाल्यावर ड्रॉइंगवाल्यानं पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात दिला. स्टोअरवाल्यांनी त्याला सांगितलं होतं. मालवणी माणूस सोबत असताना गाऱ्हाणं तर झालंच पाहिजे, असं सगळे म्हणू लागले. मी पाण्याच्या कडेला एका कातळावर उभा राहिलो. मागे सात जण, चौघांच्या पाठीला डबे.

वडिलांच्या आवाजात मी सुरुवात केली. "हे बाय नदये, ह्या रानाच्या राखणदारा देवा म्हाराजा, आज ही आठ लेकरा मुंबयसून तुझ्या पाण्यात उतराक इली हत, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मागून सात आवाज आले. काहींना हसू येत होतं, पण आवाज मोठा होता.

इथे चूक यायची. मी थांबलो. मला पोहता येत नाही, एवढंच सांगायचं होतं, तेही नदीला, मालवणीत. मागच्या लोकांना ती ओळ गाऱ्हाण्यातलीच वाटली असती आणि मग कळलं असतं, मग कदाचित शिव्या बसल्या असत्या, कदाचित तराफ्याची मांडणी बदलली असती, आणि मी काठावर कपडे सांभाळत बसलो असतो. पण महिन्याभरापूर्वी माझ्याशी न बोलणारी माणसं मागे माझ्या शब्दाची वाट बघत उभी होती. ते मला सोडवेना.

"ह्येंका सगळ्यांका सांभाळून घी," मी पुढे म्हणालो, "वाटेत काय इघ्न इला तर ता भायल्या भायर काढून टाक, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नारळ फोडला, पाणी नदीत ओतलं, खोबरं वाटलं. स्टोअरवाल्यांनी तुकडा घेताना माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग त्यांनी लेंग्याची नाडी चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधली, डोक्यामागे तिची गाठ मारली आणि ते माझ्या शेजारी तराफ्यावर येऊन बसले.

पहिले दोन उतार आम्ही सहज पार केले. तराफा वर उडायचा, खाली आपटायचा, तोंडावर पाणी यायचं, आणि प्लायवूडची वल्ही हाणत आम्ही चौघं कोकलायचो. मी सुद्धा. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. दोन उतारांच्या मध्ये एक लांब, संथ डोह होता. दोन्ही काठांची झाडं वर एकमेकांना भिडलेली, खाली काळं पाणी, वरून एखादं पान गिरक्या घेत पडायचं. एक मोठ्या चोचीचा धनेश पंखांचा घरघराट करत आमच्या डोक्यावरून गेला आणि आठही माणसांच्या माना एकदम वर झाल्या. स्टोअरवाल्यांचा हात माझ्या मनगटावर होता. मला आठवतंय, मी तेव्हा खरोखर सुखात होतो. हा दिवस कसाबसा निभावला की खिडकीजवळच्या टेबलावर आपली जागा कायमची, असा हिशेब मनाशी चालला होता.

तिसऱ्या उतारावर पुढचा तराफा डावीकडून गेला. आम्ही उजवीकडे ओढले गेलो, बांबू कातळात अडकला, मागचं पाणी चढलं आणि तराफा उभाच्या उभा उलटला.

पाण्याखाली अंधार नव्हता, सगळं पांढरं होतं. वर कुठे आणि खाली कुठे, कळत नव्हतं. नाकातोंडात पाणी गेलं. हाताला पत्रा लागला आणि मी तो धरला. तो स्टोअरवाल्यांच्या पाठीवरचा डबा होता. मी मागून दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या पाठीवर चढलो. डबा एका माणसापुरता होता. माझं डोकं वर आलं तसं त्यांचं खाली गेलं. मला ते दिसत होतं. त्यांचे टाळूवरचे विरळ केस पाण्यात हलताना मला दिसत होते आणि मी हात सोडत नव्हतो. त्यांनी एकदा मान वळवली, चष्मा गेलेला, तोंड उघडं, आणि माझ्याकडे बघितलं. मी तरीही सोडलं नाही.

वाचलो ते त्यांच्यामुळे. काठावरच्या उंबराची मुळं पाण्यात उतरली होती. धार आम्हाला तिकडे घेऊन गेली तेव्हा त्यांनी एक मूळ पकडलं. पोहता न येणाऱ्या, पाणी प्यायलेल्या, पाठीवर मी बसलेला असताना त्या माणसानं ते मूळ दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आमच्या तराफ्यावरची दुसरी जोडी काठाला लागली होती. ड्रॉइंगवाला दोर घेऊन धावत आला, तेव्हा त्याला काय दिसलं? मी मागून स्टोअरवाल्यांना कवटाळून धरलेलं. त्यानं आम्हाला ओढून वर घेतलं आणि आधी माझी पाठ थोपटली.

स्टोअरवाले बराच वेळ ओकत होते. मी दोन हात लांब बसून राहिलो. आता सांगणार, आता सांगतील, असं वाटत होतं. पेंटशॉपवाल्यानं विचारलं, काय झालं नेमकं. स्टोअरवाल्यांनी तोंड पुसलं. "पाण्यात यानं मला एक क्षण सोडलं नाही," ते म्हणाले.

मग माझं कौतुक सुरू झालं. मालवणचं पाणी आहे ते, असं कुणीतरी म्हणालं. भाकरी आणि झुणका सोडला तेव्हा पहिला वाटा मला मिळाला. चष्मा वाहून गेल्यामुळे स्टोअरवाल्यांना परतीची वाट दिसत नव्हती, तर त्यांचा हात धरून चालायचं कामही माझ्याकडेच आलं. तासभर त्या गळत्या झाडांखालून मी त्यांना दगड, मुळं, ओघळ सांगत घेऊन आलो. ते म्हणायचे हं. दुसरं काही नाही. त्यांचा हात गरम होता. मला वाटत होतं जंगल संपूच नये, आणि वाटत होतं आत्ता या क्षणी संपावं.

सोमवारी सगळ्या कंपनीला माझं नाव माहीत झालं होतं. वॉचमननं सलाम ठोकला. खिडकीजवळच्या टेबलावर माझ्यासाठी खुर्ची ओढलेली होती. ज्यासाठी तोंड मिटून बसलो होतो ते सगळं मिळालं, आणि मला तिथे बसून चहा गिळवेना. ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो दुसराच कुणीतरी होता. एकटं असताना निदान मी मीच असायचो.

त्या शनिवारी स्टोअरवाल्यांनी जेवायला बोलावलं. नाही म्हणायला निमित्त सुचलं नाही. त्यांच्या बायकोनं पुरणपोळी केली होती. तिनं पाटाभोवती रांगोळी काढली होती आणि वाढताना ती म्हणाली, "भाऊजी, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही." स्टोअरवाले नव्या चष्म्यातून ताटाकडे बघत जेवत होते. मी दीड पोळी खाल्ली. तिला वाटलं मी लाजतो आहे.

ते मला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकाशी थांबले.

"त्या दिवशी गाऱ्हाण्यात तू चूक सांगितली नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं घाईत विसरलास. पाण्यात तुझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं काय सांगायचं राहिलं होतं ते."

मी काहीतरी बोलायला गेलो. माफ करा, किंवा तसलंच. हातानं मात्र फाटकाची कडी काढली.

"ठाण्याला तरणतलाव आहे," ते म्हणाले. "रविवारी सकाळी सातला नवशिक्यांना घेतात. मी नाव घातलंय. तू पण ये. दोघं शिकू."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशीच रविवार होता. सहाला उठलो आणि स्टोव्ह काढून बसलो. पुढच्या रविवारीही तेच. कँटीनमध्ये मी पुन्हा माझ्या जुन्या टेबलावर बसू लागलो. डोक्यावर चढलाय, हिरो झालाय, असं लोक म्हणू लागले आणि मला ते बरंच वाटलं. स्टोअरवाल्यांनी एकदाही का आला नाहीस म्हणून विचारलं नाही. डब्यातल्या दोन जास्तीच्या पोळ्या मात्र महिनाभर येत राहिल्या. जेवून झाल्यावर ते त्या तशाच परत बांधायचे.

महिन्याभरानंतर एका रविवारी मी ठाण्याला गेलो. टॉवेल, चड्डी पिशवीत घेऊन. सात वाजून गेले होते. फाटकाशी उभं राहून पाहिलं तर शाळकरी पोरांच्या रांगेत एक चाळिशीचा माणूस कठड्याला धरून पाय आपटत होता, पाठीला डबा. चष्मा नव्हता. शिकवणारा थांबला की ते मान वळवून फाटकाकडे बघायचे. चष्म्याशिवाय त्यांना फाटक दिसत असेल, पण फाटकात कोण उभं आहे ते दिसत नसणार. माझ्या शेजारून एक माणूस आत गेला, साधारण माझ्याच अंगलटीचा. स्टोअरवाल्यांनी त्याला बघून पाण्यातून हात वर केला. तो माणूस दुसऱ्या बाजूला निघून गेला तेव्हा तो हात खाली आला.

मी आत जायला हवं होतं. दहा पावलं होती. मी भांडुपची बस पकडली.

दिवाळीनंतर मी दुसरीकडे नोकरी धरली. स्टोअरवाले पुढे चांगलं पोहायला लागले, असं कुणीतरी सांगितलं. गावी गेलो की वडील गाऱ्हाणं घालायचे आणि सुरुवातीला माझ्याकडे बघायचे, तुझं काही सांगायचं आहे का म्हणून. मी मान हलवून नाही म्हणायचो. आता वडीलही नाहीत.

मला अजून पोहता येत नाही.